मोज्यातल्या बाटल्या

सकाळपासून तिने अर्धं घर हुंगून पाहिलं होतं. कॉफीचा डबा, बुटाचं पॉलिश, चिरलेला कांदा, शेवटी नवऱ्याचा कामावरचा मळका शर्टसुद्धा. कांद्याने डोळ्यांतून पाणी काढलं, पण वासाच्या नावाने शून्य. मागच्या महिन्यात ताप आला, चार-पाच दिवस मुक्काम ठोकला आणि जाताना वास घेऊन गेला. तेव्हापासून तिच्या जिवाला चैन म्हणून नव्हती. उठायची ती हुंगत, झोपायची ती हुंगून.

दुसऱ्या कोणाचा वास गेला असता तर तो माणूस चार दिवस कुरकुरून गप्प बसला असता. हिचं सगळं पोटपाणीच नाकावर! वाइनच्या दुकानात कामाला होती ती. महागड्या बाटल्यांच्या नाही हं. रोजच्या जेवणाबरोबर उघडाव्यात आणि खिशालाही झेपाव्यात, अशा बाटल्यांच्या. लोक यायचे, "आज कोंबडी भाजणार आहे, काय नेऊ?" विचारायचे. ही दोन बाटल्या पुढे ठेवायची आणि माणूस दुसऱ्या आठवड्यात हसत परत यायचा. मालक तिला नावाने हाक मारायचेच नाहीत. "नाकवाली कुठंय?" एवढंच.

तर हे नाक गेल्याचं तिने कोणाला म्हणजे कोणालाच सांगितलं नव्हतं. कारण मालकांच्या गुडघ्यांनी असहकार पुकारला होता, गोदामागोदामांतून हिंडून जगभरच्या बाटल्या चाखून दुकानासाठी खरेदी करणं त्यांना झेपेना. "रविवारचं टेस्टिंग नीट पार पाड," ते म्हणाले होते, "पुढची खरेदी तुझी." या एका वाक्यासाठी तिने इतकी वर्षं काउंटरमागे काढली होती. आणि ते कधी आलं? नाक गेल्यावर! तिला नशिबाचा असा राग आला होता की समोर असतं तर कानफटात वाजवली असती.

रविवारी दुपारी ती घाईघाईत पिशवी भरत होती, तर सासूबाईंनी मोज्यांची घडी आणून पुढे ठेवली.

या मोज्यांचं सांगायलाच हवं. टेस्टिंगच्या वेळी, म्हणजे गिऱ्हाइकांना वाइन चाखवताना, बाटली दिसू द्यायची नसते, नाहीतर माणसं चवीऐवजी लेबल पितात. मालक पूर्वी वर्तमानपत्र गुंडाळायचे, ते भिजून लिबलिबीत व्हायचं. मग हिने सासऱ्यांचे लोकरीचे लांब मोजे नेले. सासूबाईंनीच विणलेले, प्रत्येक जोडीचा अंगठा वेगळ्या रंगाचा. सासरे गेल्यापासून ते कपाटात नुसते पडून होते.

"धुतले की काय?" तिने विचारलं.

"मग? तू आज मोठी होणार आणि बाटल्यांना ते कळकट मोजे?" सासूबाई म्हणाल्या. "चार लोकांत शोभेल का?"

सवयीने तिने मोजे नाकाला लावले. काही नव्हतं. काही असणारच नव्हतं म्हणा! बसची वेळ झाली होती. तिने मोजे पिशवीत कोंबले आणि निघाली.

दुकानात पोचल्यावर तिने मालकांना खुर्चीत बसवलं. "तुमचे गुडघे दुखतात, मोजे मीच चढवते." एरवी हे काम मालकांचं, कुठल्या मोज्यात काय आहे ते नाकवालीलाही कळता कामा नये, हा दुकानाचा नियम. पण आज तिला कळायलाच हवं होतं. हिरवा अंगठा, पोर्तुगालची आंबटसर पांढरी. पिवळा, दक्षिण आफ्रिकेची पांढरी. लाल, स्पेनची लाल. काळा, अर्जेंटिनाची जाडजूड लाल. तिने मनातल्या मनात घोकून घेतलं. घोकण्याच्या नादात एक मोजा दोनदा उलटा चढला.

खाणं मात्र तिने जिवापाड विचार करून मांडलं होतं. वास नसला तरी जीभ होती. खारट, आंबट, कडू, तुरट, तेलकट एवढं कळत होतं. आंबटसर पांढरीबरोबर खारट चीज, दुसरीबरोबर कुरकुरीत तळलेला मासा, स्पेनच्या लालबरोबर लोण्यात परतलेले मशरूम, शेवटी भाजलेलं मटण.

दहा-बारा नेहमीची गिऱ्हाइकं जमली. त्यांत निवृत्त मास्तर होते आणि समोरच्या दवाखान्यातल्या दातांच्या डॉक्टरीणबाई. पहिली बाटली हातोहात फिरली, ज्याने त्याने आपली वाइन ओतून घेतली.

"फुलं!" डॉक्टरीणबाई लगेच म्हणाल्या. "पांढरी फुलं."

"अगदी बरोबर," ती म्हणाली. पांढऱ्या वाइनच्या वासात फुलं निघतातच. तिला जरा हायसं वाटलं.

"आणि या चीजबरोबर काय लागते हो!" मास्तरांनी दुसरा तुकडा उचलला.

दुसऱ्या वाइनलाही फुलं निघाली. असू दे, तीही पांढरीच. पण तिसरी लाल होती, आणि मास्तर ग्लासात नाक खुपसून म्हणाले, "इथेही फुलंच. जरा साबणासारखी, नाही?"

स्पेनच्या त्या लालमध्ये चेरी असते, चामडं असतं, साबण कुठून येणार? पण नाही म्हणावं तरी पंचाईत. कदाचित बाटलीच तशी असेल. तिने ग्लास हलवला, हुंगल्याचं सोंग केलं आणि ठोकून दिलं, "हो. जांभळी फुलं. डोंगरावरच्या मळ्याची आहे ना."

मालकांनी आधी ग्लास हुंगला, मग स्वतःची बोटं हुंगली. चौथी बाटली तिच्या हातातून घेतली, वरचा मोजा काढला आणि तिच्यापुढे धरला.

"हे हुंग."

तिने हुंगलं. सगळे बघत होते.

"काय येतंय?"

"लोकर," ती म्हणाली.

सगळं दुकान खो खो हसायला लागलं. डॉक्टरीणबाईंच्या तर डोळ्यांत पाणी आलं. त्या मोज्यांना साबणाचा असा घमघमाट सुटला होता की बाटली धरणाऱ्या प्रत्येकाच्या हाताला तो लागला होता, आणि हाताचा ग्लासाला. नाकवालीने झकास थट्टा केली असंच सगळ्यांना वाटलं. तिलाही हसता आलं असतं. दात काढले असते की सुटली असती. पण मालक हसत नव्हते, आणि त्यांच्याकडे बघून तिच्याने राहवेना.

"मला वास येत नाही," ती म्हणाली. "ताप आला तेव्हापासून. साबणाचा नाही, वाइनचा नाही, कशाचाच नाही. मी मघापासून खोटं बोलतेय."

हसू एकेक करून थांबलं. मास्तरांनी उगाच ताटलीतला मशरूम इकडचा तिकडे केला.

लोक गेल्यावर मालक म्हणाले, "खाणं एक नंबर होतं. पण खरेदी नाही देता येणार. मी ती नाकाला देणार होतो." मग मोजा तिच्या हातात देत, "मला तरी सांगायचंस गं."

ती मोजे पिशवीत भरून बाहेर पडली. बसमध्ये बसवेना, दोन थांबे आधीच उतरली आणि तरातरा चालत राहिली. साबण घालायची काय गरज होती? घरात सुगंधी काही नको म्हणून किती वेळा सांगितलं होतं! आज सासूबाईंना चांगलं सुनवायचंच, असं ठरवूनच तिने दार ढकललं.

सासूबाई दाराशीच उभ्या होत्या. "काय गं, आला का वास लोकांना?"

"सगळ्यांना आला," ती दातओठ खात म्हणाली. "कुठला साबण होता तो?"

"यांचाच. शेवटची वडी ठेवली होती जपून. घरात सुगंधी काही नको म्हणतेस, माहितीये मला. पण यांचा साबण म्हणजे काय अत्तर आहे? तो तर यांचाच वास." सासूबाईंनी पिशवीतून एक मोजा काढून गालाला लावला. "तुझ्या एवढ्या मोठ्या दिवशी यांनीही असावं, म्हटलं. तू दुपारी मोजा हुंगलास, तेव्हा म्हटलं, आता काहीतरी बोलशील. काहीच बोलली नाहीस."

तिचा सगळा राग जागच्या जागी विरला. मामंजी तिला पहिल्या दिवसापासून लेकीसारखं वागवत आले होते, आणि दुपारी ते तिच्या नाकाशी होते.

"आई, मला वास येत नाही हो," ती म्हणाली आणि रडायलाच लागली. खरेदी गेल्याचं नंतर सांगितलं.

सासूबाईंनी तिला खाली बसवलं. बराच वेळ पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मग तिने डोळे पुसले, मोजा हातात घेतला आणि नाकाला घट्ट लावला.

"कसा येतोय, सांगा ना."

"मला कुठं तुझ्यासारखं बोलता येतंय? फुलं अन् चामडं अन् काय काय."

"येईल तसं सांगा."

सासूबाईंनी मोज्याचं दुसरं टोक नाकाशी धरलं, डोळे मिटले. "दाढी करून खिडकीत बसायचे ना, तसा," त्या म्हणाल्या. "ओल्या टॉवेलचा. जरा गवताचा. आणि... थांब हं, अजून एक आहे."

ती थांबली.