बाप-लेकीमधला माइक

आजवर माझ्यासमोर बसून सगळे बोलले आणि मी मुकाट्याने ऐकत आलो. आज थोडं माझं ऐका. मी रेडिओ केंद्रातला माइक.

माझा जन्म एका कारखान्यातला. तिथल्या लांबलचक टेबलावर एका कामगार बाईने माझ्या पोटातल्या तारा जोडल्या, तोंडावर जाळी बसवली आणि जवळ येऊन ती नुसती खाकरली. तिच्या यंत्रात ते खाकरणं लख्ख उमटलं. शेजारणीला म्हणाली, हा चांगला बोलका निघाला. बाईचा अंदाज चुकला होता. माझं काम बोलायचं नव्हतंच.

केंद्रात आलो तेव्हा सुरुवातीला माझ्या वाट्याला बातम्या, हवामान आणि बेपत्ता माणसांची वर्णनं आली. वर्णनं वाचणारा निवेदक एका हाताने कागद धरायचा आणि दुसऱ्या हाताने पेन्सिलीने पाठ खाजवायचा. बाहेर ऐकणाऱ्यांना त्याचा धीरगंभीर आवाज तेवढा कळायचा. माणूस बोलतो एक आणि करतो दुसरंच, हे मी तिथे शिकलो.

मग ते दोघं आले. बाबा आणि त्यांची मुलगी.

बाबांनी उभी हयात वर्तमानपत्रात चित्रपटांची परीक्षणं लिहिण्यात घालवली होती. मुलगी संकलक होती. म्हणजे चित्रित झालेल्या ढीगभर दृश्यांतून काय ठेवायचं आणि काय कापायचं हे ठरवणारी. केंद्राने दोघांना समोरासमोर बसवलं. दर आठवड्याला एक जुना सिनेमा घ्यायचा आणि एक नवा. बाबांनी जुन्याची बाजू लढवायची, लेकीने नव्याची. मध्ये मी.

काय भांडायचे दोघं! बाबांचं म्हणणं असं, की जुन्या सिनेमात दिग्दर्शकाला धीर होता. नट खिडकीशी उभा राहिला तर कॅमेराही निमूट उभा राहायचा, आणि त्या माणसाच्या मनात काय चाललंय ते प्रेक्षकाचं प्रेक्षकाला उमगायचं. आताच्या कॅमेऱ्याच्या पायाला भिंगरी लागलीय. चेहरा दिसतो न दिसतो तोच दृश्य बदलतं. मुलगी ऐकून घ्यायची आणि शांतपणे विचारायची, की बाबा, तुमच्या सिनेमात बायका दोनच कामं का करतात? रडतात नाहीतर वाट बघतात. नव्यात निदान त्या उलट उत्तर देतात. शिवाय तुमचा नायक शेजारच्या खोलीतल्या माणसाशीही असा बोलतो, जणू तो नदीपलीकडे उभा आहे. बाबांना हे झोंबायचं, कारण खरं असायचं. ते तिला "विदुषी" म्हणायचे. पण पुढच्या आठवड्यात हळूच कबूल करायचे, की नव्या सिनेमातली ती आजीची भूमिका जुन्यांपैकी कुणालाही इतकी साधी करता आली नसती.

काचेपलीकडे यंत्रं सांभाळणारे गृहस्थ बसायचे. सगळं केंद्र त्यांना मामा म्हणायचं. हे दोघं भांडायला लागले, की मामा चहा थंड होऊ द्यायचे.

बाबांचं बिनसतंय हे आधी माझ्या लक्षात आलं. वाक्याच्या मध्ये त्यांचा श्वास अडायला लागला होता. मग एकदा त्यांनी एका सिनेमाला दुसऱ्याचाच शेवट जोडला. बोटीवर सुरू झालेली गोष्ट त्यांनी न्यायालयात नेऊन संपवली. मुलगी हसून म्हणाली, बाबा आज श्रोत्यांची परीक्षा घेताहेत. श्रोत्यांना ती गंमत वाटली.

त्यानंतर ती दर वेळी असं सांभाळून घेऊ लागली. त्यांचा आवाज खोल जायला लागला, तेव्हा कार्यक्रमाच्या आधी ती मला अलगद त्यांच्याकडे वळवून ठेवायची. स्वतःचा आवाज थोडा लांबून गेला तरी तिची हरकत नव्हती.

एकदा बाबा मामांबरोबर बाहेर होते तेव्हा तिला फोन आला. दूरच्या शहरातून एका मोठ्या चित्रपटाच्या संकलनासाठी बोलावणं होतं. ती म्हणाली, सध्या जमणार नाही. समोरच्याने बहुधा विचारलं, सध्या म्हणजे कधीपर्यंत. ती फोन ठेवून दोन्ही तळवे डोळ्यांवर दाबून बसली, आणि दार वाजताच चेहरा नीट करून उठली.

दोघांचा शेवटचा कार्यक्रम थेट प्रसारणाचा होता. लाल दिवा लागला. त्या दिवशी बोलायचं होतं एका वेगळ्याच सिनेमाबद्दल. पण बाबा म्हणाले, "परवा एक सिनेमा पाहिला. नाव लक्षात नाही. एक म्हातारा आहे आणि त्याची मुलगी. म्हातारा सगळं विसरत चाललाय. ती त्याचे कपडे काढून ठेवते, सदऱ्याची बटणं लावते. तो तिच्यावर ओरडतो. ती स्वयंपाकघरात जाते, नळ सोडते आणि रडते. तिला वाटतं, नळाच्या आवाजात त्याला कळत नाही. त्याला कळतं. तो नट ते फार छान दाखवतो. नुसती मान खाली घालून बसतो."

काचेपलीकडे मामांचा हात प्रसारण तोडायच्या बटणाकडे गेला. मुलीने तळहात वर करून त्यांना थांबवलं.

"जमेची बाजू कोणती वाटली?" तिने विचारलं.

"ती मुलगी. अभिनय करतेय असं कुठे वाटतच नाही."

"आणि उणीव?"

"म्हातारा. फार लांबवलाय. हा आता बरा होणार नाही हे प्रेक्षकाला केव्हाच कळतं. मग ताणायचं कशाला? मी त्याचे अर्धे प्रसंग कापले असते आणि त्या पोरीला घराबाहेर काढलं असतं. तिचं सगळं आयुष्य दाराबाहेर खोळंबलंय आणि लेखक तिला उंबरा ओलांडू देत नाही."

"शेवट काय होतो?"

बाबा आठवू लागले. मग ओशाळून म्हणाले, "शेवट नाही हो आठवत. बाई, तुम्ही पाहिलाय का तो?"

इतक्या वर्षांत मी त्यांच्या तोंडून तिच्यासाठी "अगं" ऐकलं होतं, "वेडे" ऐकलं होतं, रागात "विदुषी" ऐकलं होतं. "तुम्ही" कधीच नाही. तिचा श्वास माझ्या जाळीवर आदळला आणि तिथेच थांबला.

"पाहिलाय," ती म्हणाली. "मी संकलक आहे. माझ्या हातात असेल तर मी त्या म्हाताऱ्याचा एकही प्रसंग कापणार नाही."

"चुकताय तुम्ही," बाबा अदबीने म्हणाले. "पण मत छान मांडलंत."

दिवा विझला. बाबांनी तिला विचारलं, मला घरापर्यंत सोडाल का, मुलगी वाट बघत असेल. सोडते की, ती म्हणाली, आणि त्यांच्या कोपराला धरून त्यांना हळूहळू बाहेर घेऊन गेली. मामा बराच वेळ यंत्रावर डोकं टेकवून बसले होते.

बाबा गेले ते त्यानंतर काही महिन्यांनी. केंद्राने कार्यक्रम पुढे चालवायचं ठरवलं आणि ती एकटी आली. एका नव्या सिनेमाबद्दल बोलली. पहिला भाग घट्ट बांधलाय, उत्तरार्धात पसरट होतो, पार्श्वसंगीत फार सूचना देतं, असं सगळं नेमकं सांगितलं. आणि प्रत्येक मुद्द्यानंतर ती थांबत गेली. समोरच्या रिकाम्या खुर्चीकडून काही यायचं नव्हतं. तरी थांबायची. शेवटी एका ठिकाणी थांबली ती पुढे बोललीच नाही. रेडिओवर शांतता चालत नाही. मामांनी संगीत लावलं.

पुन्हा यावं म्हणून मामांनी तिला खूप विनवलं. ती म्हणाली, "मामा, खोडून काढायला कुणी नसेल तर मत मांडायचं कशाला?"

आता स्टुडिओत नवे माइक आलेत, प्रत्येकाला वेगळा. मी सामानाच्या खोलीत, तुटक्या खुर्च्यांच्या मागे पडून आहे. माझी तक्रार नाही. मागणी एवढीच आहे. तुमच्या घरी कुणी जुन्या सिनेमाचं कौतुक करत तुमच्या नव्याला नावं ठेवत असेल, तर नुसती मान डोलावून उठून जाऊ नका. बसा समोर. कडाकडा भांडा त्यांच्याशी. ते तुम्हाला अजून "अगं" म्हणतात, "अरे" म्हणतात, तोवर भांडून घ्या.