इग्नेशियसबाबांचा कापलेला हात

उमेळ्यातलं उरलंसुरलं तळं बुजवायला डंपर येऊ लागले, तेव्हापासून मनोरमाबाईंना उसंत नव्हती. गावातली जोआना फोनवर व्हिडिओ काढायची आणि मनोरमाबाई आपल्या फ्लॅटमध्ये बसून ते कापून, जोडून ‘उमेळ्याचा आवाज’ या चॅनेलवर टाकायच्या. सरकारी नोकरीत उभा जन्म गेलेली बाई, काही अर्धवट ठेवायची नाही. गावकरी त्यांना ‘आमच्या काकू’ म्हणायचे आणि त्या दोन शब्दांवर बाईंचा फार जीव होता.

त्या दिवशी जोआना फोन घेऊनच आली.

“काकू, बाबांचा हात कुठे गेला?”

व्हिडिओत तिचे आजोबा, इग्नेशियसबाबा, सांगत होते, “आधी तळं इथून पार तिकडं होतं. पावसाचं सगळं पानी त्याच्यात मावायचं.” ‘तिकडं’ म्हणताना त्यांचा हात लांब झाला होता आणि कोपराशीच चित्र संपलं होतं.

“कडेला केळी आड येत होत्या,” बाई म्हणाल्या.

धडधडीत थाप. त्या हाताच्या टोकाला बाईंचीच इमारत होती. अर्धं तळं बुजवून ती उभी राहिली, हे त्यांना फ्लॅट घेतल्यावर पहिल्याच पावसाळ्यात कळलं होतं. आतापर्यंत साठ व्हिडिओ झाले असतील, पण एकातही इमारत दिसू नये म्हणून त्यांनी डोळ्यांत तेल घालून काळजी घेतली होती. बिल्डरच्या नावाने शंख करायचा आणि स्वतःचं दार तेवढं झाकायचं.

जोआना चिडली असती तर भांडता तरी आलं असतं. ती शांतपणे म्हणाली, “बाबा म्हणाले, राहू दे. काकूंना त्या बिल्डिंगमध्ये राहायचंय.”

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हणजे गावाला सगळं ठाऊक होतं. आपण त्यांच्या काकू नव्हतोच, सांभाळून घेतलेली पाहुणी होतो.

त्या तशाच खाली उतरल्या आणि इमारतीच्या पाटीखाली उभ्या राहिल्या. “घे. अख्खी बिल्डिंग येऊ दे,” असं जोआनाला सांगून त्या फोनकडे बघत बोलू लागल्या.

“मी मनोरमा तेंडोलकर, फ्लॅट नंबर तीनशे दोन. माझं घर तळ्यावर उभं आहे. अर्धं तळं गेलं म्हणून दर पावसाळ्यात आमच्या तळमजल्यावर आणि गावच्या वाड्यांत पाणी भरतं. उरलेलंही गेलं तर कोणीच वाचणार नाही.”

संध्याकाळी सोसायटीचे अध्यक्ष जितेंद्र दारात हजर. “फ्लॅटचे भाव पाडलेत तुम्ही. व्हिडिओ काढून टाका, नाहीतर बिल्डिंगमध्ये तुमच्याशी कोणी बोलणार नाही.”

“नका बोलू,” बाई म्हणाल्या. “व्हिडिओ राहील.”

सकाळी डंपर आले तेव्हा गाव रस्ता अडवून उभं होतं. बाई सरळ पहिल्या रांगेत गेल्या. ठेकेदाराचा मुकादम त्यांना ओळखून हसला.

“आंटी, आप तो बिल्डिंगवाले हो. गाववालों में आपका क्या काम?”

इग्नेशियसबाबा काही बोलणार होते, पण बाईंनी त्यांना थांबवलं.

“बिल्डिंगवालीच आहे मी. तळं बुजवल्यावर काय होतं, ते माझ्याइतकं कोणाला माहीत? गाडी मागे घे.”

तेवढ्यात मागे सोसायटीचं फाटक उघडलं. जितेंद्रची बायको नेहल फोन वर धरून शूटिंग करतच येत होती. तिच्यामागे तळमजल्यावरच्या चार घरांतली माणसं होती.

“काकू, थोडं सरका,” नेहल म्हणाली. “आम्हालाही उभं राहायचंय.”