मागे ओढणारी पिशवी

मी एका होडीवरची जुनी कापडी पिशवी आहे. पिशवी म्हणतात खरी, पण मला बूड नाही. तोंड टोपलीएवढे रुंद आणि शेपटीला मुठीएवढे भोक.

मित्रांनो, पाण्यात हात कडेने फिरवून पाहा, सुरीसारखा सरकतो. तोच तळवा आडवा धरा, पाणी लगेच अडवते. जितका जोर लावाल तितके ते हटून बसते. त्या हट्टावरच माझे काम चालते.

मला ताईने शिवले. ती शिडे शिवायची. तिचा धाकटा भाऊ मासे धरायचा. मला पाहून तो हसतच सुटला.

"ताई, पुढे जायला मी इंजिन घेतलं, आणि तू मला मागे ओढणारी पिशवी देतेस?"

"असू दे. इंजिन रुसलं की कळेल."

त्याने शेपटीचे भोक सुतळीने बांधले आणि माझ्यात कांदे भरले. पुढे कांदेही गेले. मी ओल्या दोरांखाली पडून राहिले. उंदरांनी माझी कड कुरतडली. जन्म फुकट गेला असे वाटे.

एके दुपारी नवे शीड पारखायला ताईही होडीवर आली. किनारा दिसेनासा झाला आणि वारा पिसाळला. शीड केव्हाच उतरवावे लागले होते. त्यातच इंजिनाने मान टाकली. होडी लाटांना आडवी झाली, पाणी आत येऊ लागले.

"पिशवी कुठंय?" ताई ओरडली.

"दोरांखाली..." भावाचा चेहरा उतरला.

तिने मला उपसून काढले. कुरतडलेली कड पाहिली. दातांनी सुतळी तोडली, माझ्या तोंडाचा दोर होडीच्या पुढच्या टोकाला बांधला आणि मला समुद्रात फेकले.

मी पाणी पिऊन टम्म फुगले. वारा होडीला रेटत होता, पण मला ओढून नेणे सोपे नव्हते. दोर ताणला गेला. होडीचे नाक हळूहळू लाटांकडे वळले आणि लाटा पुढूनच दुभंगू लागल्या.

तेवढ्यात माझी कड टर्रकन उसवली.

"ताई, फाटतेय ती!"

"धरलंय तिनं अजून. तू पाणी उपस!"

मी वीतभर फाटले, पण सुटले नाही. संध्याकाळी वारा पडला आणि दुसऱ्या होडीने आम्हाला किनाऱ्याला नेले.

घरी भावाने मला गोड्या पाण्यात धुतले, सावलीत वाळवले. मग ताईपुढे येऊन बसला. "सुई दे. कसं शिवायचं ते दाखव." त्याचे टाके वाकडेतिकडे आहेत, पण घट्ट आहेत.

मित्रांनो, रोजच्या वस्तूंकडे सगळ्यांचेच लक्ष असते. क्वचित लागणाऱ्या वस्तूकडेही अधूनमधून पाहा, उसवली असेल तर टाका घाला. तिची गरज पडते त्या दिवशी शिवायला वेळ नसतो.