कुपवाडला गेलेले पाय

रविवारी माझ्या बायकोचे दोन्ही पाय कुपवाडला गेले. बाकीची मयूरी संध्याकाळी ड्युटी संपवून घरी आली आणि भाजी निवडता निवडता तिनं मला हे सांगितलं.

साल शहाण्णव. मयूरी सांगलीतल्या एका खाजगी दवाखान्यात नर्स आणि माझं पेठेत चपलांचं दुकान. महिन्यापूर्वी वॉर्डात तिच्या हातातून सुई निसटली आणि सरळ पायाच्या अंगठ्यात घुसली, कारण सँडल पुढून उघडी होती. रिपोर्टमध्ये काही निघालं नाही, पण तो येईपर्यंत आम्ही दोघं नीट जेवलो नाही. सँडल माझ्याच दुकानातली. पाडव्याला मीच दिलेली, दीड इंच टाचेची. शोकेसमध्ये तीच सगळ्यात उठून दिसायची.

मग त्यांच्या मेट्रन गोदावरी सिस्टर यांनी फर्मान काढलं की वॉर्डात पुढून बंद, न घसरणारा, धुता येणारा बूटच पाहिजे. आणि बोलावलं कुणाला, तर कुपवाडच्या साईराजला. हा तिथल्या कारखान्यांतल्या कामगारांचे बूट शिवतो. त्यानं एकेकाला कागदावर उभं केलं आणि पायाभोवती पेन्सिल फिरवली.

"तुझ्यापण?" मी विचारलं.

"पाय मलापण आहेत ना?" मयूरी म्हणाली. ती साताऱ्याची आहे, भांडणाच्या आधी शांत होते.

लग्नाला दोन वर्षं झाली होती. तेवढ्या काळात मी रोज तीसेक बायकांच्या पायांत चपला चढवल्या आणि त्याबद्दल मयूरी कधी अवाक्षर बोलली नाही. पण ते वेगळं. तो धंदा आहे.

जेवताना मी सहज विचारल्यासारखं विचारलं, काय म्हणाला साईराज. तर तो पुष्कळ काही म्हणाला होता. बंद बुटात जोडवी बोटाला रुततात म्हणून निम्म्या सिस्टर ती ड्युटीवर पर्समध्ये ठेवतात. जोडवी काढा असं साईराज म्हणाला असता, तर मला जाऊन भांडता आलं असतं. पण त्यानं जोडव्यांची जाडी मोजली आणि तिथं बुटात जागा सोडतो म्हणाला. जोडवी आमच्या घरची. त्यांची जाडी मला माहीत नव्हती. आता ती कुपवाडला माहीत होती.

मी जाहीर केलं की चपलांच्या दुकानदाराची बायको बाहेरचे बूट घालणार नाही. सोमवारी मी पांढरे कॅनव्हासचे बूट आणले. तिनं त्यावर चमचाभर आमटी टाकून दाखवली. आमटी आत गेली. रक्तही असंच जातं म्हणाली. मंगळवारी मी गमबूट आणले. ते घालून ती गेली हे खरं, पण वॉर्डात त्यांचा असा काही आवाज झाला, की एक माजी सुभेदार पलंगावरून उतरून सावधानमध्ये उभे राहिले. त्यांचे टाके कालचे होते.

बुधवारी मी स्कूटर काढली आणि तिच्या पायांचा कागद परत आणायला कुपवाडला गेलो.

साईराजला मी मनातल्या मनात टक्कल देऊन ठेवलं होतं. त्याला केस होते. भरपूर होते. वर स्वभाव चांगला. त्यानं स्टूल पुसून दिलं, चहा सांगितला. चांगल्या माणसाचा राग करायला कष्ट पडतात. मी ते घेतले.

मी म्हटलं, पेठेतलं चपलांचं दुकान माझं, मयूरी सिस्टरांचा मी नवरा, त्यांचा कागद द्या, बूट रद्द. त्यानं कारण विचारलं नाही. नुसतं वर बोट दाखवलं. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तार होती आणि तिला चिमट्यांनी चाळीसेक कागद लावलेले. वारा आला की सगळा स्टाफ चालायला लागायचा.

"घ्या की, शेठ," तो म्हणाला. "नावं मागल्या अंगाला हायती. पर तुमाला काय नाव बघाय लागतंय व्हय?"

बरोबरच होतं. मी धंद्यातला माणूस, त्यात नवरा. मी तारेखालून एकदा गेलो, दोनदा गेलो, आणि एक नाजूक, निमुळता, खानदानी पाय निवडून चिमटा काढला.

साईराजनं कागद उलटला. "हे हंबीरराव. वॉर्डबॉय."

दुसऱ्या खेपेला मी गोदावरी सिस्टर काढल्या. त्या पुढच्या वर्षी रिटायर होतात.

मग त्यानं स्वतः एक कागद काढला. उलटून पाहिला नाही. "ही रेघ बघा, आत गेल्याली. डावी टाच दुखती त्यास्नी, म्हनून चवड्यावर भार टाकून हुब्या ऱ्हात्यात. तुमास्नी बोलल्या न्हाईत?"

बोलली होती. पाडव्यापासून रोज बोलत होती. आणि मी दर वेळी तिला तेच सांगत होतो जे गिऱ्हाइकाला सांगतो, वापरून सैल होईल. गिऱ्हाईक पैसे देऊन निघून जातं म्हणून ते वाक्य चालतं. मयूरी रोज घरी येत होती.

कागद माझ्या हातात होता, स्कूटर दारात होती. मी तो परत चिमट्याला लावला.

"सोमवारी द्या," म्हटलं. "आणि टाचेला जरा मऊ काहीतरी घाला."

"घातलंय," तो म्हणाला. घातलेलं असणारच.

इथं मी उठायला पाहिजे होतं. पण त्याची नजर माझ्या पायांवर गेली. दिवसभर दुकानात उभे असता, म्हणाला, तुमचं काय दुखतं? हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. मी वीस मिनिटं सांगत होतो. तो खरोखर ऐकत होता. रविवारी दवाखान्यात सगळ्यांचं असंच झालं असणार हे मला तेव्हा कळलं. त्यामुळे माझा मत्सर कमी व्हायला हवा होता. उलट आतापर्यंत एका माणसावर जळत होतो, तो आता तारेवरच्या सगळ्यांवर जळायला लागलो.

चपला काढून मी कागदावर उभा राहिलो. पेन्सिलीनं गुदगुल्या होतात. मयूरीनं हे सांगितलं नव्हतं.

माप झाल्यावर मी म्हटलं, हा कागद तिच्या शेजारी लावा.

"तसं न्हाई जमत, शेठ. तार बुटाच्या नंबरानं हाय. त्या पाच, तुमी आठ. मधी नऊ सिस्टरा आन् हंबीरराव हायती."

मी वर पाहिलं. मयूरीच्या डाव्या बाजूला एक चिमटा रिकामा होता. तिथं उद्या कुणीही लागू शकत होतं.

"मग माझेही पाचचेच शिवा."

"चावतील की वो."

"चावू देत," मी म्हटलं.