मास्तरांच्या डोळ्यातली बाहुली

जरा कल्पना करा. तुमचं आवडतं माणूस तुमच्यासमोर बसलंय, गुडघ्याला गुडघा लावून. त्याच्या डोळ्यातल्या काळ्या ठिपक्यात बघा. घाई करू नका. तिथे एक इवलंसं माणूस दिसतं ना? ते तुम्हीच. म्हणून तर आपण त्या ठिपक्याला बाहुली म्हणतो. आता समजा, तिथे तुम्ही नाहीच. दुसरंच कुणी आहे.

एका मुलीच्या बाबतीत तसं झालं. ती दहा वर्षांची होती, मावशीकडे राहायची. तिची आई आणि मावशी दोघी कृत्रिम डोळे बनवायच्या. बाप आधीच गेलेला, आई वर्षापूर्वी आजारपणात गेली. अलीकडे मुलीला एकच धास्ती लागली होती: आईचा चेहरा आठवेनासा झाला होता. आवाज आठवे, हातांना येणारा रंगाचा वास आठवे. फोटोतली बाई मात्र कॅमेऱ्यासाठी हसणारी, परकी वाटे. मावशीच्या जिवाला लागेल म्हणून तिने हे कुणाला सांगितलं नव्हतं.

एका दुपारी म्हातारे मास्तर आले. जन्मभर इंग्रजी शिकवलेलं, एक डोळा लहानपणीच गेलेला. वर्षापूर्वी इथूनच त्यांनी नवा डोळा बसवून घेतला होता. आईच्या हातचा तो शेवटचा. टोचतो का, पाणी येतं का, मावशीने विचारलं. तसं काही नव्हतं. जरा घुटमळून मास्तर म्हणाले, नात मांडीवर बसत नाही.

"म्हणते, आजोबा, तुमच्या डोळ्यात कुणीतरी बसलंय."

"तुम्हीच भुताखेताच्या गोष्टी सांगितल्या असतील, मास्तर," मावशी म्हणाली आणि तिने डोळा काढून, धुऊन पांढऱ्या कापडावर ठेवला. गोटीसारखा नसतो तो. पातळ वाटीसारखा असतो, पांढऱ्या भागात लाल रेशमाचे तंतू शिरा म्हणून बसवलेले. ती भिंग घेऊन बघू लागली.

मास्तरांना काही गप्प बसवेना. रिकाम्या डोळ्यावर रुमाल धरून त्यांनी मुलीची परीक्षा घ्यायला सुरुवात केली. डोळ्यातल्या बाहुलीला इंग्रजीत काय म्हणतात? उत्तरही त्यांनीच दिलं: प्युपिल. मुलगी म्हणाली, ते तर शाळेतल्या विद्यार्थ्याला म्हणतात. मास्तर खूश झाले. दोन्ही अर्थ एकाच घरची भावंडं, म्हणाले. फार जुन्या काळी लॅटिन भाषेत लहान मुलगी आणि बाहुली यांना एकच शब्द होता. त्याचंच लाडकं रूप डोळ्यातल्या ठिपक्याला मिळालं, कारण त्या लोकांनाही तिथे इवलं माणूस दिसलं. एकमेकांना न विचारता त्यांना आणि आपल्याला तेच सुचलं, याचं मास्तरांना भारी कौतुक. विद्यार्थी हा अर्थ मागाहून आला. त्याआधी इंग्रजीत त्याच शब्दाचा... इथे मास्तर अडखळले.

"त्याआधी काय?"

"आईबाप नसलेलं मूल. दुसऱ्याने सांभाळलेलं."

"म्हणजे मी," मुलगी म्हणाली.

एरवी मावशीने मास्तरांना चांगलंच फैलावर घेतलं असतं. पण तिचं लक्ष कापडावरच्या डोळ्यात होतं. भिंग डोळ्याला तसंच होतं. मान वर न करता तिने विचारलं, बाहुली रंगवताना ताईने तुम्हाला भिंतीकडे बघायला लावलं नव्हतं का?

मुलीला ही रीत ठाऊक होती. सगळा डोळा माणसासमोर बसून रंगवायचा, पण मधला काळा ठिपका भरताना त्याला भिंतीकडे बघायला लावायचं. नाहीतर त्याच्या चांगल्या डोळ्यात रंगवणाऱ्याची छबी असते आणि ती हातातून कामात उतरते, असं मुलीच्या आजोबांनी दोघी लेकींना शिकवलं होतं.

नव्हतं लावलं, मास्तर म्हणाले. फार थकल्या होत्या. राहू द्या, माझ्याकडेच बघा, म्हणाल्या. लेकीबद्दलच बोलत होत्या.

मावशीने खणातून हातोडी काढली. छबी उतरलेला डोळा लक्षात येईल त्याच दिवशी फोडायचा, हीही आजोबांचीच शिकवण. हातोडी उचलण्याआधी तिने भिंग मुलीपुढे केलं.

"बघून घे."

मुलीने बघितलं. काळ्या ठिपक्यात एक बाई खाली मान घालून रंगवत होती. भांग दिसत होता, कपाळावर आलेली बट दिसत होती, चेहरा नाही. खोलीत कुणी हलत नव्हतं. आतला कुंचला हलत होता.

"आई," मुलगी हळूच म्हणाली.

कुंचला थांबला. मान वर झाली. भुवया जवळ आलेल्या, दुसरा कुंचला दातांत धरलेला. हाच तो चेहरा. पण ओळख नव्हती त्यात. समोर बसलेल्या कुठल्याही गिऱ्हाइकाकडे बघावं, तशी ती मायेने, दमलेल्या नजरेने बघत होती. मग तिने कुंचला उचलून मुलीच्या मागच्या भिंतीकडे बोट केल्यासारखा रोखला. थांबली. पुन्हा रोखला, न चिडता.

तिला बाहुली भरायचं राहिलेलं काम पुरं करायचं होतं, हे मुलीला कळलं. पण त्यासाठी या चेहऱ्यावरून नजर काढायला हवी होती, आणि परत वळल्यावर तो तिथे असेलच, याची खात्री कोण देणार?

काय दिसतंय गं, मावशीने विचारलं. मास्तरांनी रुमाल घट्ट धरला होता.

मुलीने भिंग खाली ठेवलं, स्टुलावर पाठ ताठ केली आणि भिंतीकडे तोंड करून बसली.