पुतळ्याच्या तोंडातले किडे

शिवणकारखान्याच्या जेवणाच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. मशीन बंद ठेवून सगळे कारागीर माना उंचावून एका परातीकडे बघत होते. परातीत पाणी, मधोमध तापलेली लोखंडी चकती आणि तिच्यावर चिमूटभर बिया. धूर निघाला की ज्याचा दात दुखतोय तो डोक्यावरून चादर घेऊन, तोंड वासून परातीवर वाकायचा. थोड्या वेळाने चादर निघायची आणि पाण्यात पांढरे, वाकडे किडे तरंगायचे!

"बघा, दात पोखरणारा राक्षस!" किडा चिमटीत धरून, दातदुखी पळवतो म्हणून आलेला दंतगुरू गरजायचा. एकाची हिरडी चाचपलेलं बोट तसंच दुसऱ्याच्या तोंडात. हात धुवायचं नावच नाही! शी!

ताई शाळेत विज्ञान शिकवायची. ती आली होती धाकट्या भावासाठी. तो इथे कापड कापायचा. दाताच्या मुळाशी गळू होऊन त्याचा गाल फुगला होता. परवा याच चादरीखाली ते फुटलं, तोंडभर घाणेरडा, खारट पू आला आणि ठणका थांबला. झालं, पठ्ठ्या गुरूचा भक्त! आज मात्र सूज हनुवटीखाली उतरली होती, अंग तापलं होतं, तोंड धड उघडत नव्हतं.

"चल आधी दवाखान्यात."

"ठणका गेलाय ना, ताई! डॉक्टरकडे गेलं की किडे मेंदूत चढतात. गुरू म्हणालेत."

"अरे, थुंकी गिळवत नाही तुला!"

"तुझं आपलं काहीतरीच." बोलताना त्याच्या ओठातून लाळ गळत होती.

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. ती शेजारच्या खोलीत गेली, कपडे चढवून बघायचा पुतळा चाकाच्या खुर्चीत बसवला, चादरीत गुंडाळला आणि ढकलत परातीपाशी आणला.

"माझी मावशी. फार लाजाळू आहे हो."

गुरूने बिया टाकल्या. "खोटं बोलून बोलून दात सडवलेस, माई! सोस जरा कळ!"

मावशीने हूं की चूं केलं नाही. पाण्यात किडेच किडे! लोक "वा!" म्हणाले आणि ताईने चादर ओढली.

"याला दात सोडा, तोंडसुद्धा नाही. बी तापली की तिची साल तडकते आणि आतला कोंब उडून पाण्यात पडतो. हेच तुमचे किडे."

गुरू घाईघाईने बोचकं आवळू लागला.

"मग माझा ठणका?" भावाने कसंबसं विचारलं.

"गळू फुटलं, आतला दाब कमी झाला, म्हणून थांबला. रोग आत तसाच आहे, आणि आता गळ्याकडे निघालाय."

तो उठला. दवाखान्यात डॉक्टरांनी चीर देऊन पू काढला, दात उपटला. दुर्गंधीने ताईने पदर नाकाला लावला. "सूज आणखी खाली गळ्यात उतरली असती तर श्वासच कोंडला असता," डॉक्टर म्हणाले.

भेटायला आलेल्या कारागिरांना ताईने दारातच थांबवलं. "गाल सुजला, हिरडीतून पू आला, तर दातांच्या डॉक्टरकडे जा, दुखायचं थांबलं तरी जा. ताप चढला, गिळवेना, तोंड उघडेना, तर तडक मोठ्या दवाखान्यात. आणि कुणी चमत्कार दाखवला तर टाळ्या नंतर वाजवा, आधी चादर ओढा. माझा भाऊ थोडक्यात वाचला. तुमचा कदाचित वाचणार नाही."