तारीख न पडलेली कॉट

ग्रंथपाल निवृत्त झाले, पण डोकं काही कपाटांतून बाहेर येईना. वाचनालयात तीन वर्षं जे पुस्तक कुणी नेलं नाही, ते बाद. घरी त्यांनी मुदत एका वर्षावर आणली आणि कढईपासून छत्रीपर्यंत सगळ्यांना तारखेच्या चिठ्ठ्या डकवल्या. वस्तू वापरली की तारीख टाकायची. वर्षभर चिठ्ठी कोरी राहिली की वस्तू घराबाहेर! बायको असती तर तिने पहिली चिठ्ठी यांच्याच कपाळावर डकवली असती. पण ती जाऊन पाच वर्षं झालेली, अडवणार कोण?

घर मात्र छान सुटसुटीत झालं, खोटं कशाला बोला. एक ताट, एक खुर्ची, केर काढायला पाच मिनिटं. गेल्या महिन्यात लेकीच्या खोलीतली कॉटही भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढली.

आणि एका सकाळी लेकीचा फोन आला. "बाबा, ऑफिसच्या कामासाठी आलेय, चार दिवस आहे. दुपारी घरी येते."

झाली की पंचाईत! ग्रंथपाल चपला अडकवून भंगारवाल्याकडे धावले. कॉट केव्हाच विकली गेली होती. मग खालच्या मजल्यावरच्या शिंप्याकडून गादी मागून घेतली, धापा टाकत वर आणली आणि लेकीच्या खोलीत अंथरली. चादर तीनदा झटकली. चार वर्षांनी पोर येत होती. ती राहावी, बाकी काही नको होतं त्यांना.

लेक आली ती खोलीच्या दारातच थबकली. "माझी कॉट?"

नियम सांगायला ग्रंथपालांनी तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडलं. "रोज रिकामी दिसायची गं. बघवेना. नियमाचं आपलं निमित्त."

ती गादीच्या कडेला बसली. त्यांचा हात हातात घेतला. मग म्हणाली, "बाबा, मी हॉटेलात खोली घेतलीय. तिकीट काढलं तेव्हाच."

"बरं केलंस. इथे आबाळच झाली असती तुझी," ग्रंथपाल म्हणाले. आणि उगाच खोकले.

संध्याकाळी ते गादी घेऊन खाली उतरले. शिंपी चक्रावला. "हे काय? लेक येणार होती ना?"

"आली होती की," ग्रंथपाल म्हणाले. "येऊन गेली."